चालकाची तक्रार आणि ट्रान्सपोर्ट कंपनीची उत्तरं : शिरोली पट्ट्यातल्या प्रकल्प नोंदी

काम : औद्योगिक वसाहतीत माल आणणाऱ्या आणि नेणाऱ्या गाड्यांच्या चालकांबद्दल तक्रार आली, तर ती कशी नोंदवायची, पुरावा कसा जपायचा आणि ट्रान्सपोर्ट कंपनीचं उत्तर कशावर तपासायचं, याची पद्धत बसवणं. कोल्हापूरजवळच्या शिरोली परिसरातल्या काही फाउंड्री (धातूच्या ओतकामाच्या) युनिट्सचे डिस्पॅच आणि सुरक्षा विभाग मिळून हे काम करत आहेत. कंपनी, गाडी आणि चालक यांची ओळख मूळ फायलीत आहे, इथे ठेवलेली नाही.

13 जानेवारी 2025

पुणे–बेंगळुरू महामार्गालगत (एनएच 48) शिरोली ते सांगली फाटा पट्ट्यातला, पुण्याकडे जाणाऱ्या बाजूचा सर्व्हिस रोड. कामगारांची बस थांब्यावर उभी होती. समोरून, म्हणजे उलट्या दिशेने, पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) भरलेला दहा चाकी ट्रक आला. कडेला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे रस्ता आधीच अर्धा उरला होता. सरळ दिशेने येणाऱ्या दुचाकीस्वाराला पट्टी सोडून खडीत उतरावं लागलं. कुणाला इजा नाही. ट्रक थांबला नाही.

बसच्या डॅशकॅममध्ये प्रसंग आला आहे. चालकाच्या कानाला फोन होता असं बसमधले दोघं सांगतात. पण मावळतीचं ऊन काचेवर पडल्यामुळे फुटेजमध्ये केबिनच्या आतलं काही दिसत नाही. फोनचा मुद्दा तक्रारीत घेतलेला नाही. सिद्ध न होणारी एक गोष्ट पत्रात गेली, तर समोरचा उत्तर तिच्यावरच लिहितो आणि बाकीचं सोडून देतो.

14 जानेवारी

पुरावा. कॅमेरा तीन-तीन मिनिटांच्या फायली करतो आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुन्या फायलीवर नवी लिहितो. 64 जीबीच्या कार्डावर 1080पी दर्जाचं साधारण आठ-दहा तासांचं चित्रण मावतं. बसने आणखी एक-दोन पाळ्या केल्या असत्या तर प्रसंग पुसला गेला असता. काल संध्याकाळीच फाइल लॉक करून कार्ड बाहेर काढलं, बसमध्ये दुसरं कार्ड घातलं.

कार्डावरून मूळ फाइल आणि तिच्या आगेमागेच्या दोन फायली संगणकावर घेतल्या. तिन्हींचा एसएचए-256 हॅश (फाइलवरून निघणारा आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) काढून वहीत लिहिला. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 (1 जुलै 2024 पासून लागू) यातल्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश मागतात. प्रमाणपत्राचा भाग अ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. भाग अ बसची देखभाल बघणाऱ्याकडून भरून घेतला.

व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत पुरावा म्हणून धरलेली नाही. पाठवताना चित्रण दाबलं जातं, फाइलमधली वेळेची माहिती जाते, फ्रेमची गती बदलते आणि नंबर प्लेटची अक्षरं फुटतात. बघायला पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. समाजमाध्यमावर टाकू नये असं सगळ्यांना सांगितलं आहे. तिथे चालकाचा चेहरा फिरतो आणि कंपनीला "आमची बदनामी झाली" म्हणायची सोय होते.

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिलं : 3 मिनिटं 40 सेकंद पुढे. चित्रणावर 18:07:12 दिसतं, खरी वेळ 18:03:32. तक्रारीत दोन्ही वेळा लिहायच्या. नाहीतर कंपनीच्या जीपीएसशी वेळ जुळत नाही आणि "त्या वेळी आमची गाडी तिथे नव्हती" असं उत्तर येतं, तेही खरं असतं.

15 जानेवारी

जागेची पाहणी. आधी सर्व्हिस रोड एकेरी आहे का हे बघितलं. पुष्कळ ठिकाणी सर्व्हिस रोडवर दोन्ही दिशांनी वाहतूक चालते आणि फलक नसेल तर तक्रारीत दम राहत नाही. ट्रक जिथून आत शिरला त्या तोंडाशी प्रवेशबंदीचा फलक उभा आहे. फलकाचा फोटो जवळून एक आणि चालकाच्या नजरेच्या उंचीवरून एक, असे दोन घेतले. फलकासमोर झाडाची फांदी किंवा उभी ट्रॉली आहे का, हे दुसऱ्या फोटोत कळतं. सातारा–कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे इथल्या लेन वळवतात आणि फलक जागा बदलतात, म्हणून अक्षांश-रेखांश फोटोसोबत लिहून ठेवले. "अमुक हॉटेलसमोर" ही खूण काही महिन्यांत उपयोगाची राहत नाही.

वेग. बस उभी होती म्हणून हिशेब सोपा आहे. कडेच्या पांढऱ्या पट्टीवरच्या दोन ओळखू येणाऱ्या खुणांमधलं अंतर टेपने मोजलं : 30 मीटर. ट्रकचं पुढचं चाक पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर यायला 66 फ्रेम लागल्या. सेकंदाला 30 फ्रेम धरता 2.2 सेकंद, म्हणजे ताशी 49 किमी. दोन्ही टोकांना दोन-दोन फ्रेमची चूक धरली तर 46 ते 52. पत्रात "ताशी 46 ते 52 किमीच्या दरम्यान" असंच लिहायचं. दिव्याचे खांब खूण म्हणून घेऊ नयेत. खांब चाकाच्या रेषेत नसतात आणि कॅमेऱ्याच्या कोनामुळे अंतर चुकतं.

वेग सर्व्हिस रोडच्या मानाने का जास्त, हेही मांडलं. भरलेला ट्रक या वेगाला ब्रेक लावून थांबायला, चालकाचा दीड सेकंदाचा प्रतिसाद धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण 43 मीटर घेतो. समोरची दुचाकी ताशी 40 ने येत असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळपास 25 मीटरने कमी होतं. ट्रॉल्यांच्या रांगेमुळे ट्रक आणि दुचाकी एकमेकांना दिसल्या त्या क्षणी दोघांत फार अंतर नव्हतं. दुचाकीस्वार खडीत उतरला म्हणून निभावलं.

गाडीची ओळख. पिवळी प्लेट, काळी अक्षरं, 65 मिमी उंचीची. संध्याकाळच्या उजेडात एक अक्षर 8 आहे की बी, हे ठरेना. केबिनच्या दारावर रंगवलेला नंबर पुढच्या फ्रेममध्ये स्वच्छ आला, त्यावरून खात्री केली. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून वाहनाचा वर्ग आणि बनावट चित्रणाशी जुळते का ते पाहिलं. तिथे मोटार कार निघाली असती तर नंबर वाचण्यात चूक आहे असं समजायचं. फिटनेस, विमा, पीयूसी चालू आहेत. मालकाचं नाव अॅपवर अर्धं झाकलेलं असतं, पण दिसणारी अक्षरं ट्रकच्या पाठीवरच्या कंपनीच्या नावाशी जुळत नाहीत. म्हणजे गाडी बहुधा अटॅच आहे : मालक दुसरा, काम कंपनीचं.

16 जानेवारी

पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. ईमेल वेगळा. कंपनीचा पत्ता पाठीवरच्या बोर्डावरून घेतलेला नाही. जुन्या बिल्टीवरच्या (माल पाठवल्याच्या पावतीवरच्या) जीएसटी क्रमांकावरून पोर्टलवर मुख्य कार्यालयाचा पत्ता काढला. बोर्डावरचा पत्ता पुष्कळदा बंद झालेल्या शाखेचा असतो.

पत्र एक पानाचं. घटना पाच ओळींत, फोटो दोन, वेगाचा हिशेब जोडपत्रात. मागण्या तीन :

त्या दिवसाची जीपीएसची कच्ची नोंद (नकाशा नव्हे, यंत्राने नोंदवलेले मूळ आकडे), ट्रिप शीट, चालकाची हजेरी आणि फास्टॅगच्या टोल नोंदी जपून ठेवा आणि ठेवल्याचं लेखी कळवा.

त्या वेळी गाडी कंपनीच्या कामावर होती का आणि चालवणारा कोण होता, हे तपासा. नाव आणि पत्ता आम्हाला नको, तुमचा अंतर्गत क्रमांक पुरे.

गाडी त्या तोंडातून उलटी का शिरली याचं कारण शोधा आणि ते कारण परत उभं राहू नये म्हणून काय बदललं ते सांगा.

शिक्षेची मागणी मुद्दाम केलेली नाही. नाव-पत्ता न मागण्याचंही कारण आहे : चालकाची खाजगी माहिती तिऱ्हाइताला न देणं बरोबर आहे, आणि ती मागितली की नकार द्यायला कंपनीला योग्य कारण मिळतं.

20 जानेवारी

ट्रकच्या मागे "चालक नीट चालवत नसेल तर फोन करा" अशी ओळ आणि मोबाइल क्रमांक आहे. फोन केला, तो गाडीच्या सुपरवायझरकडे लागला. "साहेब, ड्रायव्हरला झापलंय, परत नाही व्हायचं. कुणाला लागलं न्हाई न्हवं?" एवढं बोलून फोन ठेवला. तक्रार क्रमांक नाही, कुणी लिहून घेतलं नाही.

हा क्रमांक ज्याच्यावर गाडी वेळेत पोचवायची जबाबदारी आहे त्याच्याच खिशात आहे. तक्रार घेणारा माणूस त्याच्याहून वेगळा हवा, हे पुढच्या करारासाठी लिहून ठेवलं.

27 जानेवारी

कंपनीचं पहिलं लेखी उत्तर. पूर्ण मजकूर : "आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. संबंधित चालकास योग्य ती समज देण्यात आली आहे. तरी सहकार्य असावे."

गाडीचा नंबर नाही, तारीख नाही, वेळ नाही. हेच पत्र कोणत्याही गाडीच्या कोणत्याही तक्रारीला चालेल. डेटा जपल्याचा उल्लेख नाही. समज कोणी दिली, तोंडी की लेखी, कशाबद्दल, हेही नाही. उलट दिशेने गेलात म्हणून समज दिली, की तक्रार येऊ दिलीत म्हणून, ते पत्रावरून कळत नाही.

28 जानेवारी

उत्तर तपासायची कसोटी लिहून काढली. उत्तरात गाडी आणि वेळ ओळखता येते का. कोणत्या नोंदी पाहिल्या ते लिहिलं आहे का. घटना मान्य आहे की नाही, हे एका वाक्यात स्पष्ट आहे का. कारण दिलं आहे का, आणि ते चालकाच्या स्वभावापलीकडचं आहे का. बदल काय केला आणि कधीपासून. पुढे विचारायचं झालं तर कुणाला. या सहापैकी सगळ्यात महत्त्वाचं कारण आहे आणि उत्तरांमध्ये हमखास गायब असतं तेही तेच. पहिल्या उत्तराने एकही कसोटी पार केलेली नाही.

दुसरं पत्र धाडलं. त्यात पहिल्या पत्राचा जावक क्रमांक आणि फक्त तीन प्रश्न. नवीन आरोप नाही, रागाचा शब्द नाही.

5 फेब्रुवारी

दुसरं उत्तर. आता दोन मुद्दे. पहिला : गाडी अटॅच आहे, चालक गाडीमालकाचा आहे, म्हणून कंपनीचा संबंध नाही. दुसरा : जीपीएसप्रमाणे 18:03 आणि 18:04 ला गाडी महामार्गावर, कागलकडे (पुण्याच्या उलट दिशेला) जाणाऱ्या लेनवर होती, सर्व्हिस रोडवर नव्हती. नकाशाची रंगीत छापील प्रत सोबत.

अटॅच गाडीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नोंदणीकृत मालक वेगळा आहे आणि मोटार वाहन कायद्याने मालकावर येणारी जबाबदारी त्याच्यावरच येते. पण बिल्टी कंपनीच्या नावाने फाटली आहे, भाडं कंपनीने घेतलं आहे, पाठीवर नाव कंपनीचं आहे आणि गाडी कधी कुठे पोचायची हे कंपनीच्या सुपरवायझरने ठरवलं आहे. माल पोचला की गाडी कंपनीची आणि तक्रार आली की मालकाची, हे आम्ही मान्य करत नाही. पहिल्या उत्तरात याच चालकाला समज दिल्याचं कंपनीने लिहिलं आहे, तेही इथे लक्षात घ्यायला हवं.

7 फेब्रुवारी

जीपीएसच्या मुद्द्याची जागेवर चाचणी केली. तशाच प्रकारचं यंत्र असलेली आपली पिकअप घेऊन महामार्गाच्या दोन्ही लेन आणि सर्व्हिस रोडवर (अर्थात सरळ दिशेनेच) फेऱ्या मारल्या. निष्कर्ष :

छापील नकाशावर बिंदू मिनिटाला एक आहे. ताशी 49 किमीने गाडी एका मिनिटात 800 मीटरपेक्षा जास्त जाते. उलट्या दिशेचा टप्पा साधारण 600 मीटरचा आहे. म्हणजे त्या टप्प्यात एक बिंदू पडेल किंवा एकही पडणार नाही.

नकाशाचं सॉफ्टवेअर बिंदू उचलून जवळच्या मोठ्या रस्त्यावर चिकटवतं. आपली पिकअप सर्व्हिस रोडवर उभी असताना स्क्रीनवर ती महामार्गावर दिसत होती. दिशा कागलकडची असेल तर बिंदू कागलकडच्या लेनवर बसतो, गाडी पलीकडच्या सर्व्हिस रोडवर उलटी चालली असली तरी. कंपनीच्या छापील प्रतीत हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे.

कच्च्या नोंदीत अक्षांश-रेखांश न सरकवता असतात, शिवाय दिशा अंशांत आणि उपग्रहांची संख्या असते. मोकळ्या आकाशाखाली चूक साधारण पाच-दहा मीटर धरली, तरी पुण्याकडचा सर्व्हिस रोड आणि कागलकडची लेन यांच्यातलं अंतर त्याहून जास्त आहे. कच्ची नोंद मिळाली तर वाद मिटतो. म्हणूनच पहिल्या पत्रात नकाशा न मागता कच्ची नोंद मागितली होती.

यातून पुढे एक गोष्ट ठरवली : गाडी चालू असताना नोंद दहा सेकंदांना एक हवी. त्या वेगाला दहा सेकंदांत गाडी साधारण 136 मीटर जाते, म्हणजे 600 मीटरच्या टप्प्यात चार-पाच बिंदू मिळतात.

चाचणीच्या नोंदींसह तिसरं पत्र पाठवलं. प्रत गाडीमालकाला. त्याचा पत्ता माल घेणाऱ्या युनिटच्या गेटवरच्या कागदांतून मिळाला.

12 फेब्रुवारी

तिसरं उत्तर, ईमेलने, दोन ओळी : "सदर चालकास कामावरून कमी करण्यात आले आहे. विषय संपला असे समजावे."

आतापर्यंतच्या उत्तरांत हे सगळ्यात वाईट. घटना मान्य केली की नाही हे अजूनही कळत नाही. मागच्या पत्रात घटना घडलीच नाही असं म्हणणाऱ्या कंपनीने त्याच घटनेसाठी माणूस काढला. चालकाचं म्हणणं घेतल्याचा उल्लेख नाही. तो उद्या दुसऱ्या गाडीवर चढेल, त्याच रस्त्याने येईल, आणि त्याच्या जागी आलेला चालकही त्याच तोंडाशी येऊन तोच हिशेब करेल. आम्ही त्याला काढा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, हे त्याच दिवशी लेखी कळवलं.

13 फेब्रुवारी

कारण आपणच शोधायचं ठरलं. गेट रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या, डिझेलच्या पावत्या आणि गेटवर उतरायला थांबलेल्या दुसऱ्या चालकांशी बोलणं, एवढ्यावर चित्र पुरेसं स्पष्ट झालं.

माल घेणाऱ्या युनिटचा वजनकाटा 18:30 ला बंद होतो. त्यानंतर आलेली गाडी सकाळपर्यंत बाहेर उभी राहते. कंपनी हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) देते ते 24 तास पूर्ण झाल्यावर. म्हणजे रात्रभराच्या मुक्कामाचे चालकाला काही मिळत नाही आणि पुढची खेप बुडते.

डिझेल पंप वसाहतीच्या वळणाच्या पुढे आहे. पंपावरून नियमाने परत यायचं तर पुढच्या भुयारी मार्गातून वळसा घालावा लागतो : जास्तीचे 3.4 किमी. भरलेली गाडी लिटरला चार किमी देते असं धरलं तर 0.85 लिटर, लिटरला 90 रुपयांनी साधारण 76 रुपये. चालकाला डिझेल खेपेमागे ठरवून मिळतं, वाचलं ते त्याचं, कमी पडलं तर त्याच्या खिशातून. आणि खेपेचे किलोमीटर मोजताना कंपनीने वळशाचा रस्ता धरलेलाच नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भुयारी मार्गाशी ऊस वाहतुकीची कोंडी असते, वळशाला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

18:03 ला सर्व्हिस रोडवर असलेल्या चालकापुढे 18:30 चा काटा होता. त्याने केलं ते धोक्याचंच होतं आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर आहेच. पण डिझेलचा हिशेब कंपनीचा आहे, काट्याची वेळ युनिटची आहे, आणि या दोन्ही गोष्टी "योग्य ती समज" दिल्याने बदलत नाहीत.

चालकाचे तास. त्या दिवशी पहाटेपासून तोच माणूस गाडीवर होता असं गेटवरच्या दोघांनी सांगितलं, पण कागद नाही, म्हणून नोंद एवढीच. घटनेच्या वेळी लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 प्रमाणे दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. हजेरीची नोंद मागितली होती ती याचसाठी. ती आलेली नाही.

18 फेब्रुवारी

पोलीस आणि आरटीओकडे अर्ज. हे दोन मार्ग वेगळे आहेत आणि एकाच अर्जात दोघांना मागण्या केल्या तर दोन्हीकडे अडकतं.

पोलीस ठाण्याच्या अर्जात मोटार वाहन कायद्याचं कलम 184 (धोकादायक रीतीने वाहन चालवणं). 2019 च्या दुरुस्तीनंतर ठरवून दिलेल्या दिशेच्या विरुद्ध चालवणं त्यात स्पष्टपणे आलं आहे. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. अपघात होणं ही अट नाही, त्यामुळे "कुणाला लागलं नाही" हे उत्तर होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे, तेही नमूद केलं. त्यासोबत मोटार वाहन कायद्याचं कलम 133 : अधिकार दिलेल्या पोलीस अधिकाऱ्याने विचारलं की चालकाचं नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती गाडीमालकाने द्यायची असते. आम्हाला न मिळणारी माहिती पोलिसांना मिळते ती या कलमाने.

खाजगी डॅशकॅमवरून आपोआप ई-चलान निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. इलेक्ट्रॉनिक देखरेखीबद्दलच्या केंद्रीय मोटार वाहन नियम 167ए मध्ये मान्यताप्राप्त उपकरणाची अट आहे. डॅशकॅमचं चित्रण तक्रारीसोबतचा पुरावा म्हणून जातं, चौकशी पोलिसांनी करायची.

आरटीओच्या अर्जात मोटार वाहन कायद्याचं कलम 19 आणि केंद्रीय नियम 21, म्हणजे परवाना निलंबनाचा भाग, आणि गाडीचं वेगमर्यादा यंत्र तपासायची विनंती. माल वाहतुकीच्या गाड्यांना ते ताशी 80 वर बांधलेलं असतं. या घटनेत त्याचा संबंध नाही, पण गाडी तपासणीला गेलीच तर एकदम होईल. गाडी एमएच 09 पासिंगची आहे म्हणून अर्ज कोल्हापूर आरटीओकडे. एमएच 10 किंवा केए 22, 23 असती तर नोंदणीच्या कार्यालयालाही प्रत द्यावी लागली असती.

दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. कार्यवाही कळली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज : महाराष्ट्रात एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. प्रश्न एकच ठेवायचा : "आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती." "का केली नाही" असं विचारू नये. कारण विचारणं म्हणजे माहिती मागणं नव्हे, असं सांगून अर्ज निकाली निघतो.

24 फेब्रुवारी

माल मागवणाऱ्या युनिटच्या खरेदी विभागासोबत बैठक. कंपनीला तीन पत्रं जाऊन जे झालं नाही ते इथे सुरू झालं, कारण भाडं देणारा हाच आहे. ट्रान्सपोर्टच्या वार्षिक दरपत्रकाला जोडायचं कलम तयार झालं. मजकूर साध्या भाषेत ठेवला :

तक्रार घेणारा माणूस गाड्यांच्या सुपरवायझरहून वेगळा असेल. 24 तासांत क्रमांकासह पोच. 48 तासांत नोंदी जपल्याचं लेखी उत्तर. सात कामकाजाच्या दिवसांत सहा कसोट्यांवर उत्तर. अटॅच आणि बाजारातून उचललेली गाडीही यात धरली जाईल. उत्तर आलं नाही तर त्या गाडीला पुढचा भरणीचा किंवा उतरणीचा नंबर मिळणार नाही, कंपनीच्या इतर गाड्या चालू राहतील. चौकशी होईपर्यंत चालकाला काढायचं नाही, आणि त्याचं म्हणणं त्याच्या सहीने उत्तरासोबत जोडायचं.

शेवटच्या अटीवर बराच वेळ चर्चा झाली. खरेदी विभागाचं म्हणणं, कुणाला कामावर ठेवायचं हा कंपनीचा प्रश्न. आमचं म्हणणं असं की चालकाचं म्हणणं आल्याशिवाय डिझेलचा आणि काट्याचा हिशेब कधी बाहेर येत नाही, आणि माणूस गेला की म्हणणंही गेलं. अट राहिली, पण दारू पिऊन चालवणं आणि परवाना नसणं याला अपवाद करून.

अख्ख्या कंपनीचं काम थांबवायची सूचना आली होती ती घेतली नाही. तसं केलं तर हंगामात पिग आयर्न आणि कोक अडकतो, दोन दिवसांत युनिटच मागे येतं आणि कलम कागदावर राहतं. एका गाडीचा नंबर थांबवणं युनिटला परवडतं, म्हणून ते खरोखर अमलात येईल.

युनिटने आपल्या बाजूने दोन बदल मान्य केले. 18:30 च्या आत गेटवर नोंद झालेल्या गाडीचं वजन 19:15 पर्यंत होईल. आणि खेपेच्या किलोमीटरमध्ये भुयारी मार्गाचा वळसा धरून डिझेलचा हिशेब होईल, तो फरक दरात दिला जाईल.

10 मार्च

नव्या पद्धतीवर पहिली तक्रार, दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीबद्दल : ताडपत्री नीट न बांधल्यामुळे वळणावर फाउंड्रीची वाळू रस्त्यावर सांडली, मागची दुचाकी घसरली, स्वाराला खरचटलं. पोच त्याच दिवशी आली. उत्तर मुदतीत आलं आणि सोबत चालकाचं म्हणणं होतं : ताडपत्रीच्या मागच्या बाजूची तीन आयलेट (दोर ओवायची भोकं) फाटलेली, दोर खालच्या हुकाऐवजी पाठीमागच्या फाळक्याच्या कडीला बांधावा लागत होता, फाळका हलला की दोर सैल पडायचा. तीन महिने सांगून नवी ताडपत्री मिळालेली नव्हती. कंपनीने ताडपत्री बदलली, बाकी गाड्यांच्या ताडपत्र्या पाहिल्या आणि आणखी दोन खराब निघाल्याचं स्वतःहून लिहिलं. जखमी स्वाराच्या औषधाच्या खर्चाबद्दल उत्तरात काही नव्हतं. ते विचारल्यावर खर्च दिला. फॉर्ममध्ये "इजा किंवा नुकसान झालेल्या व्यक्तीसाठी काय केलं" हा रकाना नव्हता, तो घातला.

17 मार्च

जुन्या प्रकरणाची स्थिती. गाडीमालकाचा फोन आला होता. कच्ची नोंद यंत्र पुरवणाऱ्याकडून काढून देतो म्हणाला. आली तर 18:02 ते 18:06 मधले बिंदू जागेच्या मोजमापावर ठेवून बघायचे. पोलिसांनी मालकाकडे चालकाची माहिती मागितल्याचं त्याच्याकडूनच कळलं. आरटीओकडून काही कळलेलं नाही, माहिती अधिकाराचा अर्ज 20 तारखेला टाकायचा. कंपनीने नव्या कलमासह दरपत्रकावर सही केली आहे, पण तक्रार घेणारा माणूस म्हणून त्याच सुपरवायझरचं नाव दिलं आहे. दरपत्रक परत पाठवलं.

काढलेला चालक सध्या गांधीनगरच्या दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टच्या गाडीवर आहे. त्याचं म्हणणं लिहून घ्यायला तो तयार आहे, पुढच्या आठवड्यात त्याच्या सवडीने गेटवर भेट ठरली आहे. विचारायचे मुद्दे : त्या दिवशी गाडी किती वाजता सुरू केली, डिझेल किती मिळालं होतं, काट्याच्या वेळेबद्दल सुपरवायझरचा फोन आला होता का, आणि प्रवेशबंदीचा फलक त्याला दिसला होता का.